गेलेली घरं

साहेब आमच्या दुकानात रुजू झाले त्या दिवशी दुकानात आलेच नाहीत. रस्त्याच्या पलीकडे सायकल दुरुस्तीवाल्याच्या फळकुटावर सकाळी आठपासून बसून होते. पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, सुरतेच्या उकाड्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली, मांडीवर वही. आम्हाला वाटलं, कुठल्यातरी गिरणीचा मुकादम असेल. रात्री शटर ओढायच्या वेळी ते रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "मी तुमचा नवा मॅनेजर. दिवसभरात तुमच्या दारावरून शेकड्यांनी माणसं गेली आणि आत आली नाहीत. त्यातल्या कुणाकुणाची नावं सांगता येतील?"

आम्ही सातजण होतो. एकालाही सांगता आलं नाही.

"आलेल्यांची मोजदाद कोणीही करतं," ते म्हणाले आणि वही मिटून निघून गेले.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या शेठजींची तेव्हा सुरतेत पाच दुकानं होती, त्यातलं आमचं पांडेसऱ्यात, गिरणीकामगारांच्या वस्तीत. टोपली हातात घ्यायची, रॅकवरून हवं ते उचलायचं आणि दाराशी पैसे द्यायचे. पांडेसऱ्यात तोवर असं दुकान कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पहिली दोन वर्षं मुंग्यांसारखी माणसं आली. मग हळूहळू येईनाशी झाली. पुढच्या चौकात दुसऱ्या एका शेठचं तसंच दुकान निघालं होतं, गल्लीतले किराणावाले तर आधीपासून होतेच. आमची भेस्तानची शाखाही अशीच ओस पडत चालली होती. शेठजींनी जाहिराती दिल्या, गुजराती आणि हिंदीत पत्रकं वाटली, साबणावर वाटी फुकट ठेवली. वाटी संपेपर्यंत गर्दी झाली आणि वाटीबरोबर गेली. मग त्यांनी कुठूनतरी या साहेबांना शोधून आणलं आणि दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर गिऱ्हाईक परत आलं नाही तर पांडेसऱ्याचं दुकान बंद, आणि आम्ही सातजण घरी.

माझं घरी बसणं परवडण्यासारखं नव्हतं. आम्ही अमळनेरकडचे. वडिलांनी वीस वर्षं लूमवर काढली आणि त्या खडखडाटात कान गमावले. काम सुटलं होतं, धाकटी दोन भावंडं शाळेत होती. मी बावीस वर्षांची होते आणि दुकानाच्या दाराशी बिलं करायला बसायचे.

साहेब अकोल्याकडचे होते. एरवी शुद्ध, कचेरीतली मराठी बोलायचे. मन कशात गुंतलं की वऱ्हाडी बाहेर यायची. गिऱ्हाईक हा शब्द त्यांना चालत नसे. ते 'घर' म्हणायचे. "आज किती घरं आली?" "त्या पिवळ्या चाळीतलं एकही घर दिसत नाही." मॅनेजरची खुर्ची त्यांनी पहिल्याच आठवड्यात उचलून दाराशी ठेवली, म्हाताऱ्या माणसांना टेकायला. स्वतः दिवसभर उभे. जेवायचेही उभ्यानेच, पोळीची गुंडाळी हातात धरून, रॅकमधून फिरत. तांदळाचं प्रत्येक पोतं उघडलं की आधी त्यात नाक घालायचे. आमच्यातला एक सुरती मुलगा त्यांची नक्कल करायचा. एकदा त्यांनी ती मागे उभं राहून पाहिली आणि म्हणाले, "नाक अजून खाली घाल. वरचे तांदूळ खोटं बोलतात."

स्वतःच्या घरचा किराणा ते दर शनिवारी चौकातल्या दुसऱ्या दुकानातून आणायचे. आम्हाला ते चमत्कारिक वाटायचं. एका शनिवारी त्यांनी मागच्या खोलीत स्टोव्ह पेटवला, दोन पातेल्यांत तुरीची डाळ शिजवली, एकात आपली आणि एकात त्यांची, आणि कोणती कुठली ते न सांगता आम्हा सगळ्यांना वाट्या दिल्या. आम्ही सातांच्या सातांनी डावीकडची चांगली म्हणून सांगितली. ती आमची निघाली. भावही आमचाच कमी होता. सगळे खूश झाले. साहेबांचं तोंड मात्र उतरलं.

"हे वाईट झालं," ते म्हणाले. "डाळ वाईट असती तर डाळ बदलली असती. आता काय बदलू?"

त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं की जी घरं येत नाहीत त्यांच्याकडे आपणच जायचं. आणि त्या गल्ल्यांत बहुतेक घरं खानदेशी, मला अहिराणी येते, म्हणून मला बरोबर घ्यायचं.

पांडेसऱ्यात दुपारी बारा ते चार ही बायकांची वेळ. रात्रपाळी करून आलेले पुरुष खोलीत झोपलेले असतात, त्यांची झोप मोडू नये म्हणून बायका गल्लीत येऊन बसतात आणि साड्यांचं धागा-कटिंग करतात. भरतकामाच्या मागे लोंबणारे धागे कात्रीनं कापायचे, साडीमागे चार पैसे मिळतात. गिरण्यांच्या धुराड्यातली काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत असते, आणि कोणीतरी सारखं उठून ती झटकत असतं. या गल्ल्यांतून साहेब शिरले. मी समजत होते की ते वही काढून प्रश्न विचारतील. त्यांनी एका म्हातारीकडे जास्तीची कात्री मागितली, भिंतीला टेकून मांडी घातली आणि साडी ओढून धागे कापायला बसले. बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. पंचावन्न वर्षांचा टकला माणूस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, मांडीवर जांभळी साडी.

"ओ भाऊ, साडी फाडशात," एक म्हणाली.

"फाडली तर मी नेसतो," साहेब म्हणाले.

असं ते रोज जाऊ लागले. दुकानाचं नावही काढायचे नाहीत. चार-सहा दिवसांनी बायका आपणहूनच बोलू लागल्या. कोणाला टोपली हातात घेऊन फिरताना लाज वाटायची. कोणाला पाकिटावरचं वाचता येत नव्हतं, आणि वाण्याला जसं 'आठ आण्याची हळद दे' म्हणता येतं तसं इथे कोणाला म्हणायचं हे कळत नव्हतं. साहेबांनी लगेच सुट्या हळद-तिखटाचा एक कट्टा सुरू केला, त्यावर आमच्यातल्या एका खानदेशी बाईला बसवलं. थोडी घरं आली. पण थोडीच.

"अजून काहीतरी आहे," साहेब म्हणायचे. "बाया बोलता बोलता एका ठिकाणी गप्प होतात. एकमेकींकडे पाहतात."

ते काय आहे हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

साहेब यायच्या आधीची गोष्ट. दुकानाच्या दाराशी तेव्हा रखवालदार असायचा. आत येणाऱ्यानं आपली थैली त्याच्याकडे ठेवायची आणि पत्र्याचा बिल्ला घ्यायचा. शेठजींचा नियम. एका दुपारी गर्दीत एक मावशी थैली हातात घेऊनच आत आली, रखवालदाराच्या लक्षात आलं नाही. बाहेर पडताना त्यानं तिला अडवलं आणि माझ्याकडे पाठवलं. मी थैली टेबलावर रिकामी केली. त्यात कपडे धुण्याच्या साबणाची एक नवी वडी होती. तसली वडी आमच्याकडेही होती. मी बिल मागितलं. ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घेतली, तो कुठे बिल देतो. मी साबण काढून घेतला आणि अहिराणीतच म्हणाले, "सगळे असंच सांगतात." मागे चार बायका उभ्या होत्या. मावशीनं माझ्याकडे नीट पाहिलं, रिकामी थैली घडी करून काखेत धरली आणि गेली.

रात्री माल मोजला तेव्हा साबणाची एकही वडी कमी नव्हती. उलट एक जास्त होती. मी ती रॅकमध्ये ठेवून दिली आणि कोणाला काही बोलले नाही.

ही मावशी साधीसुधी नव्हती हे मला नंतर कळलं. तिसऱ्या गल्लीत तिची खोली. कोणाची बाळंतपणाची वेळ आली की आधी तिला हाक जायची. उन्हाळ्यात तीन गल्ल्यांचे पापड तिच्या दारात लाटले जायचे. तिनं कोणाला आमच्या दुकानात जाऊ नका म्हणून सांगितलं नव्हतं. ती स्वतः यायची थांबली, एवढंच. बाकीच्यांना तेवढं पुरलं.

म्हणून साहेबांना मी पहिल्या गल्लीत न्यायचे, दुसऱ्या गल्लीत न्यायचे, थेट रेल्वेफाटकापलीकडे न्यायचे. पंधरा दिवसांनी एका टपरीवर चहा पिताना ते म्हणाले, "आपण तिसऱ्या गल्लीत कधी जात नाही. काऊन वं पोरी? तिथं कुत्रं आहे का?"

मी ग्लास खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. माल मोजल्यावर वडी जास्त निघाली तेही सांगितलं.  मला वाटलं आता साहेब म्हणतील, उद्यापासून येऊ नको.

"किती दिवस झाले?"

"दहा महिने."

"दहा महिने त्या बाईनं तुले शिवी दिली? रस्त्यात अडवलं?"

"नाही. एकदा भाजीच्या गाडीवर दिसली. तिनं पाहिलं आणि भाजी घेतली."

साहेबांनी चहा संपवला. "चल."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढू?"

वाटेत वाण्याचं दुकान लागलं तेव्हा मी म्हणाले, साबणाची वडी घेते, रिकाम्या हातानं कसं जायचं. त्यांनी मला हाताला धरून पुढे ओढलं. "वडी नेलीस तर हिशेब फिटल्यासारखं होईल. तुला हिशेब फेडायचा नाही, माफी मागायची आहे."

मावशी दारातच होती, तांदूळ निवडत. आम्हाला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं. साहेबांनी नमस्कार केला आणि दुकानाचे मॅनेजर म्हणून ओळख सांगितली. ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती.

"हिले मी वळखस," ती म्हणाली.

मी ठरवून आलेलं सगळं विसरले. कसंबसं म्हणाले, मावशी, चूक झाली माझी, मला त्याच रात्री कळलं होतं. तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग अहिराणीतच, आवाज न चढवता म्हणाली, "तू आपली पोर शेस. म्हनीसन मले जास्ती लागनं."

परक्या मुलखात परक्यानं चोर म्हटलं असतं तर तिनं ते पदराला पुसून टाकलं असतं. मी तिच्या भाषेत तिला चोर म्हटलं होतं.

साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही सांगाल ते करू."

"आठे येईसन काय सांगतस?" ती मला म्हणाली. "इथे कोणी पाहिलं नव्हतं. दुकानमा चार बाया व्हत्यात. त्यासना समोर सांग."

परतताना मी साहेबांना म्हणाले, तुम्हीच सांगा ना दुकानाच्या वतीनं, तुमच्या तोंडी ते शोभेल. ते चालता चालता थांबले. "मी सांगितलं तर ते दुकानाचं सांगणं होईल. बाईनं दुकानाकडे मागितलं नाही, तुझ्याकडे मागितलं. आणि मी तुले हुकूम देणार नाही. हुकुमानं मागितलेली माफी त्या बाईले कळल. तुले जमलं तर कर. नाही जमलं तरी तुझी नोकरी जात नाही, हे माझं वचन."

मी तीन रात्री झोपले नाही. वडिलांना ऐकू येत नसल्यानं आमच्या घरात सगळं ओरडून सांगावं लागायचं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. शेवटी मी पाटीवर लिहून त्यांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली, पाटी पुसली आणि म्हणाले, "तू आधीच उशीर करेल शे."

त्या मधल्या दिवसांत साहेबांनी दाराशी असलेलं थैल्या ठेवायचं फडताळ काढून टाकलं. रखवालदाराला माल लावायच्या कामावर घेतलं. शेठजींना कळलं तसे ते गाडी घेऊन आले.

"अरे भाई, चोरी थशे तो?" शेठजी म्हणाले. "चोरी झाली तर जवाबदार कोण?"

"मी. जेवढी होईल तेवढी माझ्या पगारातून कापा," साहेब म्हणाले. "शेठजी, पाच वर्षांत या दुकानातून चोरीला काय गेलं ते मी पाहिलं. आणि या दारामुळे तीन गल्ल्या गेल्या. त्या कुठल्या पगारातून कापणार?"

शेठजी व्यापारी माणूस. फडताळाच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी पाहिलं, आणि दिवाळीची तारीख पुन्हा एकदा सांगून गेले.

मी मावशीला निरोप धाडला आणि रविवारी सकाळी ती आली. एकटी येईल असं मला वाटलं होतं. तिच्यामागे दहा-बारा बायका होत्या, त्यात त्या दिवशीच्या चौघी. दारात येऊन सगळ्या थांबल्या. आत दुसरी गिऱ्हाइकंही होती, एक गुजराती कुटुंब, दोन ओडिया कारागीर. साहेब मागे तांदळाच्या पोत्यापाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी बिलाच्या टेबलामागून उठले आणि पुढे आले. टेबल मध्ये नको असं वाटलं.

"मावशीनी काहीच लिधं नव्हतं," मी म्हणाले. "मनी चूक व्हयनी. मी चोर म्हटलं, ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला कळल्यावरही मी गप्प राहिले." पुढचं काय बोलले ते आठवत नाही. अहिराणी आणि मराठी एकात एक होत होती. गुजराती बाई आपल्या नवऱ्याला काय चाललंय ते विचारत होती.

मावशीनं ऐकून घेतलं. तिनं मला जवळ घेतलं वगैरे काही नाही. ती मागे वळून बायकांना म्हणाली, "ऐकं ना?" आणि आत येऊन टोपली उचलली.

त्यानंतर सगळं एका दिवसात बदललं असं नाही. तीन गल्ल्यांतली बरीच घरं दिवाळीपर्यंत परतली, काही कायमची चौकातल्या दुकानाची झाली. मावशी यायची, पण पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते मला बरोबर वाटलं. चोरी थोडी वाढली, साहेबांनी ती सांगितल्याप्रमाणे पगारातून कापून घेतली. दोन महिन्यांनी शेठजींनीच लाजून ते थांबवलं. दुकान वाचलं.

शेठजींना यात एक युक्ती सापडली. दिवाळीनंतर त्यांनी पाचही दुकानांसाठी कापडी फलक रंगवून घेतले, आमची काही चूक झाली असेल तर माफ करा आणि सोबत साखरेवर सूट घ्या, अशा अर्थाचे. मला बोलावून म्हणाले, "बेन, तू सरस बोलतेस. उधन्याच्या दुकानात पण ये, तिथे पण बोल."

मी म्हणाले, "शेठजी, उधन्यात मी कोणाला चोर म्हटलेलं नाही."

मला वाटलं होतं शेठजी चिडतील. ते साहेबांकडे पाहून म्हणाले, "हे तुम्ही शिकवलं."

"मी फक्त चहा पाजला," साहेब म्हणाले.

बक्षीस म्हणून शेठजी त्यांना मुख्य कचेरीत पंख्याखाली बसवणार होते. साहेबांनी भेस्तानची शाखा मागून घेतली, जी बंद करायचं जवळजवळ ठरलेलं होतं. तिथे त्यांनी वर्षभर जीव तोडून काम केलं. रविवारी मीही जायचे. धागे कापले, गल्ल्या पालथ्या घातल्या, सुट्या मसाल्याचा कट्टा लावला. भेस्तानची अडचण वेगळी होती. दुकानाजवळचे दोन कारखाने बंद पडले होते आणि माणसंच उठून गेली होती. रुसलेलं घर परत आणता येतं. गावाला निघून गेलेलं घर कोण आणणार. हे त्यांना सहा महिन्यांतच कळलं असावं. तरी ते थांबले नाहीत. शेवटी शेठजींनी तारीख ठरवली.

शेवटच्या आठवड्यात साहेबांनी वहीतून जी घरं अजून येत होती त्यांची यादी काढली आणि दुकान नोकरावर सोपवून दारोदार निघाले. मी म्हणाले, शटरवर कागद चिकटवू, वाचतील लोक. ते म्हणाले, "भर उन्हात चालत येऊन कागद वाचायचा?"

प्रत्येक दाराशी ते चपला काढायचे आणि एकच सांगायचे. सोमवारपासून येऊ नका, दुकान बंद होतंय. फाटकाजवळच्या वाण्याकडे जा, त्याची डाळ मी शिजवून पाहिली आहे, चांगली आहे. तेल मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

यादीतल्या शेवटच्या खोलीला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, पॅकिंगच्या कामाला जाते, सहाला येईल. साडेचार वाजले होते. मी म्हणाले, शेजारणीकडे निरोप ठेवू. साहेब पायरीवरची राख रुमालानं झटकून खाली बसले. सव्वासहाला एक बाई डबा हलवत आली, आपल्या पायरीवर कुणीतरी माणूस बसलेला पाहून दूरच थबकली. साहेब उठून उभे राहिले.

"बाई, घाबरू नका," ते म्हणाले. "तुम्ही आमच्या दुकानात येत होता, म्हणून सांगायला थांबलो."